गळकी सुहेली, म्हादेई आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात तारिणी या शिडाच्या होडीवर लिहिलं आणि त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप असं जे काही सुरू झालंय ते थांबायचं नाव घेत नाहीये, त्यामुळे यावेळी दुसरं काही न लिहिता तुमचेच प्रश्न घेतोय. तो अंक ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: नौदलातल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्यातून छपन्न फुटी तारिणी घेऊन निघाल्या आणि फक्त शिडांवर जगाला फेरी मारून 29 मे 2025 ला गोव्यात परत आल्या. मधे थांबे चार. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन. बाकी सगळं पाणी.

एकट्याने कुठेही न थांबता जगाला फेरी मारणारी पहिली होडी मुंबईत बांधली होती असं माझा मेव्हणा म्हणतो. मी म्हटलं थापा मारू नकोस, आणि पैज लावून बसलोय. खरं काय ते सांगा. (एक वाचक, डोंबिवली)

पैज हरलात. मेव्हण्याला मिसळ खिलवा.

होडीचं नाव सुहेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज पोरगा तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर ऑफिसर होता, मुंबईला येणंजाणं असायचं, आणि त्याने सोबतच्या एका-दोघांना घेऊन इथेच स्वतःची होडी बांधून घ्यायचं ठरवलं. कुलाब्याच्या यार्डात 1963 मध्ये काम सुरू झालं. डिझाइन 1920 च्या दशकातलं, म्हणजे तेव्हाच जुनाट झालेलं, नॉर्वेच्या जीवरक्षक होड्यांवरून बेतलेलं, दोन्हीकडून निमुळतं, पोटात जाड. लांबी फक्त 32 फूट. लाकूड आपलं सागवान. आणि आपले सुतार ते सगळं हाताने करत होते हो, वाकस घेऊन फळ्या तासायच्या आणि दोरी ओढून फिरवायच्या गिरमिटाने भोकं पाडायची, कोकणात मचवे बांधतात तसंच. सुहेली हे इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडच्या वाऱ्याला म्हणतात ते नाव, आणि सुहैल म्हणजे अरबीत अगस्त्य तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्त्याशी नाळ सांगणारं नाव एका होडीला मिळावं हा योगायोग मला फार आवडतो, पण तो माझा वेडेपणा आहे, सोडून द्या.

तर 14 जून 1968 ला हा बाबा इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला. संडे टाइम्सने गोल्डन ग्लोब नावाची शर्यत लावली होती, नऊ जण उतरले होते. सुहेली त्यातली सगळ्यात दिखाऊ वगैरे अजिबात नव्हती, उलट संथ आणि बुटकी, पैज लावायची असती तर तुम्ही तिच्यावर दहा रुपये लावले नसते. निघाल्यावर काही आठवड्यांतच ती गळायला लागली. तळाजवळ फळ्यांच्या फटी उघडल्या होत्या. आता भर अटलांटिकमध्ये काय करणार, तर हा पाण्यात उतरला आणि श्वास रोखून, वर येऊन, परत खाली जाऊन त्या फटींत कापूस ठासत बसला. मधेच एक शार्क घुटमळायला लागला, त्याला बंदुकीने मारला, आणि परत खाली. थोड्याच दिवसांत रेडिओ गेला. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, मग पावसाचं पाणी धरून प्यायचं. ऑस्ट्रेलियापर्यंत पोचेतो आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं, तर शिडं अशी बसवली की होडी स्वतःच वाट धरेल, आणि झोपला. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ काही लोकांशी बोलणं झालं, त्यानंतर साडेचार महिने तो जिवंत आहे की नाही हेच घरच्यांना माहीत नव्हतं. 22 एप्रिल 1969 ला फालमथला परत. 312 दिवस. नऊपैकी शर्यत पूर्ण करणारा एकटाच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा माणूस खोटी ठिकाणं कळवत राहिला आणि शेवटी समुद्रातच हरवला, त्याच्या कुटुंबाला नॉक्स-जॉन्स्टनने स्वतःचं 5,000 पौंडांचं बक्षीस देऊन टाकलं. हे पण मेव्हण्याला सांगा, म्हणजे तुम्हालाही काहीतरी माहीत आहे असं वाटेल.

काका, मी आठवीत आहे. तारिणीचं वाचून मला शिडाची होडी शिकायची आहे पण आई म्हणते आपल्याकडे समुद्र कुठे आहे? मला पोहता येतं. (एक मुलगी, सांगली)

अगं, तुझ्या आईला सांग की 2017 मध्ये तारिणीवर पहिल्यांदा ज्या सहा जणी जगाला फेरी मारायला निघाल्या त्यातल्या वर्तिका जोशी, त्यांच्या कॅप्टन, उत्तराखंडच्या. पायल गुप्तापण उत्तराखंडच्याच, डेहराडूनच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलमधल्या कुल्लूच्या. विजया देवी मणिपूरच्या. सहापैकी चौघी डोंगरातल्या! ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या, तिथेही समुद्र नाही. घराजवळ समुद्र होता तो फक्त विशाखापट्टणमच्या स्वाती पी. यांना. 254 दिवसांत आल्या परत. त्यामुळे सांगलीला समुद्र नाही हे कारण चालणार नाही, कृष्णेचा पूर बघून मोठी झालेली मुलगी तू, पाण्याचं तुला काय सांगायचं. (पुरात मात्र उतरायचं नाही, हे लिहिलं नाही तर तुझी आई मला फोन करेल.)

शिकायला समुद्र लागतच नाही. तळं लागतं. हैदराबादच्या हुसेनसागरवर आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर पोरं शिकतात आणि तिथून नॅशनलला जातात. तुझ्या वयाला ऑप्टिमिस्ट नावाची होडी असते, सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, एकच शीड, पुढचं टोक चपटं, लांबून बघितलं तर धान्याच्या पेटीला कुणीतरी कापड लावलंय असं वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडाला 1947 मध्ये क्लार्क मिल्सने ती प्लायवूडची बनवली, हेतू हा की पोरांना परवडावी आणि घरच्या घरी ठोकता यावी. ऑलिंपिकचे कितीतरी लोक याच पेटीत बसून शिकले. ती पंधरा वर्षांपर्यंतच, म्हणजे तुझ्याकडे वेळ थोडा आहे, मोठी झालीस की इल्काकडे जा, आधी तिला लेझर म्हणायचे. सुट्टीत आठवड्याभराचा बेसिक कोर्स कर, मुंबई, गोवा, हैदराबाद जिथे मामा-मावशी असेल तिथे. लाइफ जॅकेट ते देतात. घालायचं. पोहता येतं म्हणून काढून ठेवायचं नाही.

आणि पहिल्या दिवशी होडी उलटणार. उलटवतातच मुद्दाम. मी शिकलो ते मुंबई बंदरात, वय वर्षं एकोणतीस, सोबतची सगळी पोरं बारा-तेराची. वारा एका बाजूने दुसऱ्या बाजूला घेताना शिडाखालची आडवी दांडी, तिला बूम म्हणतात, ती सण्णकन येते, मान खाली घालायची असते, मी वर बघत होतो. डोक्यात टोला आणि थेट पाण्यात. ते पाणी म्हणजे काय सांगू, डिझेलचा वास, पायाखाली गाळ, आणि उलटलेल्या होडीखालून हसण्याचा आवाज. धक्क्यावरचे एक म्हातारे तांडेल तेवढंच म्हणाले, "वारा डोल्यांनी बगू नको, कानान् बग." अजूनही होडीत बसलो की आधी मान तिरकी करून कानाला वारा कुठून लागतोय ते बघतो, लोकांना वाटतं याची मान आखडलीये.

म्हादेई आणि तारिणी यात फरक काय? आमच्या नदीचं नाव दिलंय म्हणून उत्सुकता. (एक वाचक, पणजी)

दोन्ही नौदलाच्या शिडाच्या होड्या, डिझाइन एकच, यार्डही एकच, तुमच्या दिवाडी बेटावरचं रत्नाकर दांडेकरांचं. म्हादेई आधीची, 2009 ची. तारिणी 2017 ची, तिचं नाव ओडिशातल्या तारा-तारिणी देवीवरून, दर्यावर्दी लोकांची देवी ती. फरक विचाराल तर तारिणी ही शिकून बांधलेली आहे आणि म्हादेई बांधता बांधता शिकलेली. दांडेकरांनी त्याआधी एवढी मोठी, महासागरात जाणारी शिडाची होडी बांधलीच नव्हती.

पण म्हादेईची गोष्ट नीट सांगायची तर ती फलटणपासून सांगावी लागते, हसू नका. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, 1971 च्या युद्धात आयएनएस कमोर्ताचे कॅप्टन, वीरचक्र, निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. समुद्रापासून एवढ्या लांब माळावर बसून या माणसाच्या डोक्यात एकच, की भारतीयाने भारतात बांधलेल्या होडीतून एकट्याने जगाला फेरी मारायची. नौदलाने माणूस शोधला आणि कमांडर दिलीप दोंदे हो म्हणाले. आता बघा गंमत, 2006 मध्ये हे दोंदे शिकायला कुणाकडे गेले तर त्या सुहेलीवाल्या नॉक्स-जॉन्स्टनकडे, तेव्हा तो स्वतः परत एका एकट्याच्या जगफेरीच्या शर्यतीची तयारी करत होता, आणि दोंदे त्याच्या किनाऱ्यावरच्या टीममध्ये राबले. मग परत येऊन होडी बांधून घेतली, 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले, 19 मे 2010 ला परत, चार थांबे. एकट्याने जगफेरी करणारे पहिले भारतीय.

दोंदेंच्या किनाऱ्यावरच्या टीममध्ये कोण होतं? अभिलाष टॉमी. तेच म्हादेई घेऊन 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि न थांबता 151 दिवसांत 31 मार्च 2013 ला मुंबईत. मग दोंदेंनी वर्तिका जोशींच्या टीमला शिकवलं, त्यांनी हात बसवला तो आधी म्हादेईवरच, आणि अभिलाषनी दिलना-रूपाला तयार केलं. लोक म्हणतात होडी बघून स्फूर्ती मिळते, मिळत असेलही, पण इथे सरळ दिसतं की आज जो दुसऱ्याची दोरखंडं गुंडाळतोय तो चार वर्षांनी सुकाणूवर असतो. मला तर कुलाब्यातले ते सुतारही या माळेत धरावेसे वाटतात, त्यांना कुणी विचारलं नाही तरी.

मी 58 वर्षांचा, पुढच्या वर्षी रिटायर. सेलिंग शिकायला उशीर झाला का? शिवाय मला बोट लागते, मांडव्याला जाताना सुद्धा. (एक वाचक, पुणे)

उशीर? जोशुआ स्लोकम 51 वर्षांचा होता तेव्हा त्याने 1895 मध्ये बोस्टन सोडलं. स्प्रे नावाची ती होडी शेतात ताडपत्रीखाली कुजत पडलेली मिळाली होती, ती त्याने स्वतः जवळजवळ सगळी नव्याने बांधली, आणि तीन वर्षांनी 1898 मध्ये एकट्याने जगफेरी करणारा पहिला माणूस होऊन परत आला. फ्रान्सिस चिचेस्टर जिप्सी मॉथ फोर घेऊन निघाला तेव्हा 64 चा, सिडनीला एक थांबा घेऊन 1967 मध्ये घरी, आणि ग्रीनिचला राणीने त्याला सर केलं ते त्याच तलवारीने जिने पहिल्या एलिझाबेथने ड्रेकला केलं होतं. 2018 मध्ये परत भरलेल्या गोल्डन ग्लोबचा विजेता फ्रेंच, जाँ-लुक व्हान दे हीद, 73 वर्षांचा! तुम्ही 58 म्हणजे ज्युनियर झालात.

पण चिचेस्टर आणि मंडळी आयुष्यभर पाण्यात होती हे पण खरं, म्हणून तुम्ही केप हॉर्नच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या त्या वादळी टोकाच्या, गोष्टी वाचून एकदम काही करू नका. छोटी होडी, बंदराच्या आतलं पाणी, सकाळची वेळ. दुपारी खारे वारे जोर धरतात, तेव्हा किनाऱ्यावर. बोट लागण्याचं म्हणाल तर मांडव्याच्या लाँचमध्ये तुम्ही आत बसून मोबाइल बघत असणार, पैज लावतो. बाहेर वाऱ्यावर बसा, क्षितिजाकडे बघा, पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंब पण नको. सुकाणू हातात असलं की बऱ्याच जणांना लागतच नाही, कारण पुढचा हेलकावा कुठून येणार ते अंगाला आधीच कळतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, त्या गोळ्यांनी झोप येते आणि होडीत झोप चांगली नाही. गुडघे कसे आहेत तेवढं लिहिलं नाहीत. बोटीत वाकून इकडून तिकडे सरकावं लागतं, वय नाही आड येत, गुडघे येतात.

अमेरिकाज कपच्या त्या पाण्यावर उडणाऱ्या होड्या बघितल्या, डोळे फिरले. त्यांच्यावर कधी लिहिणार? (एक वाचक, न्यू जर्सी)

लिहीन, पण माझं मन त्यात नाही हे आधीच सांगतो. पाण्याखालच्या पंखांवर अख्खी होडी वर उचलली जाते, तंत्र जबरदस्त आहे, पण ते बघून कुणी चला आपण पण करू म्हणत नाही, रॉकेट बघून म्हणतो का आपण? जुन्या काळचा अमेरिकाज कप विचाराल तर मजा होती. 1851 मध्ये अमेरिका नावाच्या स्कूनरने, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजाने, आइल ऑफ वाइटला फेरी मारून इंग्रजांना त्यांच्याच पाण्यात हरवलं, आणि पुढे 132 वर्षं तो कप न्यूयॉर्कच्या क्लबाकडून कुणाला घेताच आला नाही. 1983 मध्ये ऑस्ट्रेलिया टू ने घेतला, तिचा डिझायनर बेन लेक्सेनने तिच्या तळाला पंख असलेली कील (तळाखालचं उभं पातं) लावली होती आणि शर्यत संपेपर्यंत तळ कापडाने झाकून ठेवायचे. त्या सकाळी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक टीव्हीवर जाऊन म्हणाले की आज कामावर नाही आला म्हणून जो मालक नोकराला काढेल तो नालायक. पूर्ण देश दांडीवर. अशी होडी असेल तर बोला.

माझा मुलगा 24 वर्षांचा, नोकरी करून सेलिंग करतो आणि आता लांबच्या समुद्रात जायचं म्हणतो. अभिलाष टॉमींचा अपघात मी टीव्हीवर बघितलाय. त्याला तुम्हीच समजवा. (एक आई, रत्नागिरी)

ताई, समजवणार नाही, पण खोटंही सांगणार नाही. तुम्ही बघितलंत ते सप्टेंबर 2018. जुन्या गोल्डन ग्लोबची पन्नाशी म्हणून परत तशीच शर्यत, जीपीएस नाही, सूर्य-तारे बघून ठिकाण काढायचं, होड्या जुन्या धाटणीच्या. अभिलाषची होडी तुरिया, ही म्हणजे सुहेलीचीच प्रतिकृती, पुन्हा गोव्यात दांडेकरांकडेच बांधलेली. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती आडवी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि ते वरून पडून पाठीच्या कण्याला मार बसला. हलता येत नव्हतं. तीन दिवस तसे पडून होते, मग ओसिरिस या फ्रेंच जहाजाने सोडवलं. कण्यात टायटॅनियमच्या सळ्या घातल्या, चालायला नव्याने शिकले. आणि 2022 मध्ये परत त्याच शर्यतीला उभे राहिले, बायानात नावाची होडी घेऊन, 29 एप्रिल 2023 ला दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.

हे सांगून मी तुमची काळजी कमी केली की वाढवली मला माहीत नाही. पण एक लक्षात घ्या, ते तीन दिवस निभावले ते नशिबावर नाही. आणीबाणीचं बीकन, म्हणजे संकटात ठिकाण कळवणारं यंत्र, होतं, सॅटेलाइटवरून टाइप करून निरोप देता येत होता, त्यांनी कण्याला लागलंय, उठता येत नाही हे नेमकं कळवलं, आणि तिकडे विमानाने आधी होडी शोधून काढली. म्हणून मुलाला जाऊ नको म्हणण्यापेक्षा त्याला हे विचारा: कुणाच्या होडीवर जातोस, कॅप्टनने आधी किती मैल मारलेत, रात्री डेकवर असताना स्वतःला दोरीने अडकवतोस का, बीकन कुठे ठेवलंय. पटापट उत्तरं आली तर डबा भरून द्या. चाचरला तर खुशाल कान पिळा, माझं नाव सांगून पिळा. तुम्ही रत्नागिरीच्या, नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची नाही हे ज्या आज्जीने तुम्हाला सांगितलं असेल तिला समुद्राची भीती नव्हती, हिशोब माहीत होता.

तुमची स्वतःची होडी आहे का हो, की नुसतं लिहिताच? (नाव नाही, पोस्टाचा शिक्का वाचता येत नाही)

आहे. अर्धी. एका मित्राबरोबर भागीत घेतलेली एंटरप्राइझ डिंघी, तेरा-साडेतेरा फूट, आमच्या दोघांच्या वजनापेक्षा हलकी. पावसाळाभर ताडपत्रीखाली उलटी होती, गेल्या रविवारी उघडली तर तळाच्या प्लायवूडला एका जागी बोट आत जातंय, म्हणजे पहिले दोन रविवार सॅंडपेपर आणि इपॉक्सीत जाणार. चार सीझन झाले तिला अजून नाव नाही. मित्राला संस्कृत पाहिजे, मला कुठल्या तरी वाऱ्याचं पाहिजे, आणि मतलई म्हटलं की त्याची बायको हसते. क्लबच्या वहीत सध्या तिची नोंद नुसती 'निळी' अशी आहे.